मोठी मोटारसायकल आणि व्यापाऱ्याचा हिशोब

कापडाचा भाव विचारायला येणारी तरुण मंडळी हल्ली भाव विचारून झाला की पेढीबाहेर उभ्या असलेल्या आमच्या मोटारसायकलीभोवती एक फेरी मारतात. "चाचा, ही घेतली तर परवडेल का?" हा प्रश्न इतक्यांदा आला, की एकदाचे लिहूनच टाकावे असे वाटले. आम्ही मालेगावात ग्रे कापडाचा व्यापार करतो, वयाची पंचावन्न वर्षे उलटली आहेत, आणि गेली चार वर्षे ही अवजड गाडी रोजच्या कामाला वापरतो. गाडी 400 सीसीच्या वरची आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही. ही जाहिरात नव्हे.

ज्या बंधूंना या प्रकाराची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उंच बांधणी, पुढचे चाक मोठे, शॉकअप लांब आणि वजन दोनशे किलोच्या आसपास, अशी ही गाडी. डांबरी रस्ता व खडीची वाट दोन्हीकडे चालावी म्हणून केलेली. बीएमडब्ल्यूने 1980 साली आर 80 जी/एस काढली आणि ही जात जगभर रूढ झाली. आपल्याकडे 2016 मध्ये रॉयल एन्फिल्डची 411 सीसीची हिमालयन आली, तेव्हापासून ती मध्यम ऐपतीच्या माणसाच्या नजरेत भरली. इंग्रजीत तिला 'अ‍ॅडव्हेंचर' म्हणतात. आमचे साहस म्हणाल तर उधारीची वसुली!

चाळीसगाव, नांदगाव, सटाणा, कन्नड या बाजूंना आमची गिऱ्हाइके पसरलेली आहेत. आठवड्यातून दोन फेऱ्या ठरलेल्या. पूर्वी 100 सीसीच्या गाडीवर जात होतो. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांनी कंबर इतकी धरायची, की दुसऱ्या दिवशी गादीवर बसून हिशोब लिहिणे कठीण व्हायचे. शेजारून ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने गाडी हलायची. या गाडीवर तसे होत नाही. सत्तर किलोमीटर जाऊन उतरलो तरी सौदा करायला डोके ताजे असते. आमच्या मते या गाडीचा खरा नफा एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

आता खातेवही उघडतो. चार वर्षांत सुमारे 48 हजार किलोमीटर झाले. गाडी लिटरला तीस किलोमीटर देते, म्हणजे सोळाशे लिटर पेट्रोल गेले. जुन्या गाडीने हेच अंतर साडेसातशे लिटरच्या आत कापले असते. दोन वेळा टायरची जोडी, दोन वेळा चेनचा सेट, एकदा क्लच प्लेट, ब्रेक पॅड, ऑइल, सर्व्हिसिंग मिळून पाऊण लाख रुपये निव्वळ देखभालीवर गेले. किलोमीटरमागे दीड रुपया धरा. शोरूममध्ये हा दीड रुपया कोणी सांगत नाही, आणि घेणाराही विचारत नाही.

शिवाय कराची बाजू आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांना 40 टक्के लागला. पूर्वी त्यांना उपकरासह 31 टक्के होता. दोन लाख मूळ किमतीच्या गाडीवर एकीकडे 36 हजार कर, तर दुसरीकडे 80 हजार. विम्याचेही तसेच. 2022 मध्ये ठरवलेल्या दरात नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता 150 ते 350 सीसीला 7,365 रुपये होता, त्यावरच्या गाडीला 15,117. काही व्यापारी बंधूंचा समज आहे की पेढीच्या नावाने गाडी घेतली की भरलेला जीएसटी वळता करून घेता येतो. तसे नाही. आपल्यासारख्या कापडवाल्याला मोटारसायकलवरचे क्रेडिट कलम 17(5) खाली मिळत नाही. धंद्यासाठी वापरली तेवढ्यापुरता आयकरात घसारा मिळतो, बस्स.

पण पैशाचा हिशोब एक वेळ चुकला तर भरून काढता येतो. दुसरा एक हिशोब आम्ही चुकवला होता, तो सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

गाडी घेऊन दोन वर्षे होत आली होती. रमजानचा हंगाम, मालाची मागणी जोरात, आणि चेनकडे बघायला आम्हाला फुरसत नव्हती. चेन कटकट वाजत होती. "ईद झाली की बघू," असे रोज म्हणत होतो. कन्नडहून परतताना औट्रम घाटात, अंधार पडण्याच्या सुमारास, एका वळणावर चेन मागच्या चक्रावरून उतरली आणि अडकली. मागचे चाक जागीच जाम झाले. गाडी फरफटत कठड्याकडे गेली, आणि मागून येणारा पिकअप आमच्यापासून दोन हातांवर थांबला. वसुलीची रोकड पोटाशी बांधलेली होती, पण त्या क्षणी तिची आठवणही झाली नाही. त्या पिकअपवाल्या मुलांनीच गाडी चढवून चाळीसगावपर्यंत आणून दिली. भाडे घेईनात, चहा मात्र घेतला.

तिथल्या मिस्त्रीने चक्र काढून आमच्या हातात दिले. दात झिजून मासे पकडायच्या गळासारखे एका बाजूला वाकले होते. तो म्हणाला, "भाई, हे एका दिवसात नाही झाले." आमच्याजवळ उत्तर नव्हते. लूमवर एखादी दोरी कुरतडलेली दिसली तर आम्ही कारागिराला दहा गोष्टी ऐकवतो. घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजले. घरात कोणी काही बोलले नाही, तेच जास्त लागले.

तेव्हापासून शुक्रवारची सकाळ गाडीची. लूम बंद असतात, बाजार थंड असतो. गाडी डबल स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, मागचे चाक हाताने फिरवत रॉकेल आणि मऊ ब्रशने चेन साफ करतो. इंजिन चालू ठेवून चेन पुसणाऱ्यांची बोटे गेलेली आहेत, तो उद्योग करू नये. पेट्रोल आणि तारेचा ब्रशही नको, कारण अशा चेनच्या कड्यांत रबरी रिंगा असतात आणि त्या खराब झाल्या की आतले वंगण निघून जाते. मग कोरडी पुसून 90 नंबरचे गिअर ऑइल बोटभर कापडाने लावतो. चेन किती सैल असावी ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले आहे. फार ताणलेली चेनही नुकसानच करते. पाचशे किलोमीटरला एकदा एवढे झाले तर पुष्कळ. आणि सेट बदलायचा तर चेन व दोन्ही चक्रे एकदमच. जुन्या चक्रावर नवी चेन चढवून दोन हजार वाचवणारा माणूस ती चेनही लवकरच घालवतो.

आमच्या गावाची एक खास अडचण म्हणजे लूमच्या गल्ल्यांतून उडणारे सुताचे तंतू. ते एअर फिल्टरवर असे बसतात की काही महिन्यांत गादी तयार होते. रेडिएटर असलेल्या गाडीच्या जाळीवरही बसतात आणि इंजिन तापू लागते. कंपनीच्या पुस्तकात ही मालेगावची हवा धरलेली नाही, म्हणून आम्ही फिल्टर मुदतीच्या निम्म्यातच उघडून पाहतो. तारांच्या चाकात ट्यूब असते, आणि 21 इंची ट्यूब प्रत्येक पंक्चरवाल्याकडे मिळत नाही. एक ट्यूब सोबत ठेवावी. सॅम्पलच्या पेट्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या आणि खाली बांधाव्यात. सगळे ओझे मागच्या कॅरिअरवर रचले तर पुढचे चाक हलके होऊन हँडल डोलते.

वजनाबद्दलही खरे सांगितले पाहिजे. एकदा पेढीसमोरच्या उतारावर पाय टेकला नाही आणि चार गिऱ्हाइकांदेखत आम्ही गाडीसकट आडवे झालो. पुढे शिकलो की पडलेली गाडी वाकून ओढायची नसते. गिअर टाकावा, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी बाहेर काढावा, मग पाठ सीटला लावून बसावे आणि पायांच्या जोरावर उठावे. तरी साठीनंतर ही गाडी आमच्याकडे राहील असे वाटत नाही. गुडघे आताच तक्रार करतात.

तेव्हा ज्याची रोजची धाव घर, पेढी आणि सायझिंगपर्यंत आहे त्याने ही गाडी घेऊ नये. गल्लीत ती वळत नाही, सिग्नलला मांड्या भाजते, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच झिजवण्यापलीकडे तिला काम नसते. आमच्या बाजारातल्या एका तरुणाने व्याजी हप्त्यावर घेतली. मंदीत लूम आठवड्यातून तीन दिवस थांबले, हप्ते मात्र थांबले नाहीत. अकरा महिन्यांत गाडी विकली, ती निम्म्या भावाने. आम्ही दोन वर्षे थांबून रोखीने घेतली होती. थांबण्याने आमचे काहीच बिघडले नाही. लांबच्या फेऱ्या असतील, पैसे हातात असतील आणि आठवड्याचा अर्धा तास हात काळे करायची तयारी असेल, त्याने खुशाल घ्यावी. जुनी मिळाली तर उत्तम, करातला मोठा घाव पहिल्या मालकाने सोसलेला असतो.

आमच्या पुतण्याने नाशिकला अशीच एक जुनी गाडी पाहून ठेवली आहे. फोटोत ती फार चकचकीत दिसते. सर्व्हिसिंगच्या पावत्या आहेत का विचारले, तर मालक म्हणतो शोधून ठेवतो. रविवारी दोघे जाणार आहोत. टाकी आणि रंग पुतण्या बघेल, आम्ही आधी मागच्या चक्राचे दात बघू.