मोरचूद, चुना आणि लोखंडी खिळा

ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षबागांत डावणीची धास्ती सुरू होते. तिच्यावरचा जुना उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण. आंबेगावच्या सातगाव पठारावर बटाटा पिकतो; त्याच्या करप्यावरही हे जुनेच औषध. फ्रान्समधल्या बोर्डो भागात 1885 च्या सुमारास ते पुढे आले, म्हणून हे नाव. लागते काय, तर मोरचूद, चुना आणि पाणी. पण चुना कमी पडला तर हेच औषध कोवळी पाने जाळते. असे का होते, ते या वेळी पाहू.

सुरुवात आपल्या दस्तरखानावरच्या मिठापासून करू. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो. देणारा धन आयन होतो, घेणारा ऋण आयन. दोघांची ओढ एवढी घट्ट, की मीठ वितळायला सुमारे 801 अंश सेल्सिअस तापमान लागते. पाण्यात मात्र ते सहज विरघळते, कारण पाण्याचे रेणू आयनांना वेढून वेगळे करतात. मोकळे झालेले हे आयन वीजही वाहून नेतात. म्हणूनच ओल्या हाताने मोटारीचा स्टार्टर दाबू नये.

मोरचूदही असेच आयनांचे संयुग. पाण्यात टाकले की तांब्याचे आयन मोकळे होतात. ते बुरशीला मारतात, पण जास्त झाले तर पानालाही सोडत नाहीत. चुना त्यांना बांधून ठेवतो. तांबे पाण्यात सहसा न विरघळणाऱ्या फिकट निळ्या साक्याच्या रूपात पानावर बसते आणि थोडे थोडे सुटत राहते. म्हणजे सगळीच आयनिक संयुगे पाण्यात सारखी विरघळत नाहीत, आणि इथे तेच आपल्या कामी येते.

एक टक्क्याच्या मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी लागते. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत भिजवावे, मग एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये. आता घासलेला खिळा त्यात थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर चढला, तर तांब्याचे आयन अजून मोकळे आहेत. लोखंडाने आपले इलेक्ट्रॉन देऊन त्यांचे तांबे केले. मग चुन्याची निवळी आणखी घाला आणि खिळा घासून पुन्हा पाहा. थर चढला नाही, तरच फवारणी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. कोवळ्या पानांना किती टक्क्यांचे चालेल, हे नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावे.

आणि घरातल्या बायाबापड्यांनी एवढे जपावे: मोरचुदाचे निळे खडे मुलांना खडीसाखरेसारखे वाटतात, पण ते विष आहे. डबा कुलपात ठेवा आणि त्याचे माप कधीही स्वयंपाकघरात आणू नका.

एका खिळ्याची परीक्षा पाच मिनिटांची. ती चुकली तर हंगाम हातचा जातो.