चीक गळण्याची चिंता, चीक टाकण्याची चूक

सातव्या-आठव्या महिन्यात पोलक्यावर पिवळसर डाग दिसला, की वर्धा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आजीचं एकच बोलणं ऐकू येतं : “आतापासूनच गळून रायलं वं, मंग बाळाले काय उरन?” तीच आजी बाळ जन्मल्यावर त्याच चिकाबद्दल म्हणते, “साचलेलं हाय ते, पिळून टाक.” म्हणजे गरोदरपणी थेंब गळला तरी जीव खालीवर, आणि बाळंतपणानंतर तोच चीक मोरीत. ही दोन्ही मतं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. माझं म्हणणं असं, की दोन्ही खोटी आहेत.

पहिलं मत घेऊ. गरोदरपणाच्या साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून स्तनांत चीक तयार होऊ लागतो. कुणाचा गळतो, कुणाचा थेंबही दिसत नाही. दोन्ही प्रकार स्वाभाविक आहेत आणि त्यावरून पुढे दूध किती येईल याचा अंदाज बांधता येत नाही. गळला म्हणून साठा संपत नाही, कारण तो तयार होतच राहतो. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दोन ते चार दिवसांत भरपूर दूध उतरतं. त्यामुळे गळणारीला धाक घालणं जितकं चूक, तितकंच न गळणारीला “हिला दूध येणार नाही” असं ठरवून टाकणंही चूक. गळत असेल तर पोलक्यात सुती घडी ठेवावी, ओली झाली की बदलावी. मात्र स्राव रक्ताचा असेल, गाठ लागत असेल, स्तन लाल होऊन ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

दुसऱ्या मताला, म्हणजे चीक टाकण्याला, थोर आधार आहे आणि तो टाळून वाद जिंकता येणार नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर दूध सुरू होतं असं म्हटलं आहे आणि तोवर बाळाला मध-तूप द्यायला सांगितलं आहे. यातलं निरीक्षण अचूक आहे. भरपूर दूध तेव्हाच उतरतं. चुकला तो निष्कर्ष, की तोवर स्तनात पाजण्याजोगं काही नसतं. शिवाय परंपरेचा आवाज एकच नाही. चरकसंहितेत जातकर्मातल्या मध-तुपानंतर लगेच बाळाला उजवा स्तन द्यायला सांगितलं आहे. परंपरेचं नाव घेऊन तीन दिवस थांबवणाऱ्यांनी निदान चरकाला विचारावं. आणि त्या मधाचंही आज समर्थन करता येत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझमची बाधा होऊ शकते.

चीक थोडा असतो हे खरं. पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतो तोही साधारण 2 ते 10 मिलीलिटर. तेवढ्यात रोगप्रतिकारक आयजीए, पांढऱ्या पेशी, लॅक्टोफेरिन, अ जीवनसत्त्व असं पुष्कळ येतं, आणि बाळाची पहिली काळी शी बाहेर पडायलाही मदत होते. घानात झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की सगळ्या बाळांना पहिल्या तासात अंगावर घेतलं तर नवजात मृत्यूंपैकी सुमारे 22 टक्के टळू शकतात. आर्वी-कारंजाकडे गवळाऊ गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस चाटूनपुसून खाणाऱ्यांनी आईचा चीक मात्र “पचायला जड” म्हणावा, याला तर्क म्हणत नाहीत.

तिसरा समज सुशिक्षितांचाही आहे : पाजण्याची तयारी म्हणजे स्तनाग्रं टॉवेलने घासणं, ओढणं, चीक पिळून नळी मोकळी करणं. घासण्याने कातडी सोलवटते, दुसरं काही साधत नाही. आत ओढलेल्या स्तनाग्रांसाठी गरोदरपणी करायचे व्यायाम आणि कवच यांची ब्रिटन आणि कॅनडात मोठी चाचणी झाली. 1994 साली निष्कर्ष आले, फायदा दिसला नाही. याउलट दावणगेरेच्या डॉ. निर्मला केसरी आणि सहकाऱ्यांनी 1993 साली मांडलेली, साध्या सिरिंजने स्तनाग्र बाहेर ओढण्याची युक्ती बाळंतपणानंतर वापरायची आहे. चीक आधी काढून ठेवणं काही मधुमेही मातांना 36 आठवड्यांनंतर सांगितलं जातं, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मुदतपूर्व कळांचा धोका असेल, वार खाली असेल किंवा गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, तर हात न लावणंच बरं.

इथवर सगळा दोष आजीच्या पदरात पडला. तो तिच्या एकटीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं फक्त 41.8 टक्के. दवाखान्यात आजीचं काय चालतं? बाळ वजनकाट्यावर, मग वॉर्मरवर, मग नातेवाइकांच्या हातात, आणि सिझर झालेलं असेल तर “आई शुद्धीवर येऊ द्या” म्हणून डब्याचं दूध. त्या डब्याची जाहिरात आणि फुकट नमुने यांना 1992 च्या कायद्याने बंदी आहे, तरी डबा पोचतोच. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या जिल्ह्याला अज्ञानाची सबब शोभत नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आईच्या दुधाची पेढी सुरू केली, ती अशक्त बाळांसाठी थेंबाथेंबाची किंमत कळली म्हणूनच.

मग तयारी कशाची करायची? माणसांची. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईंची ठरलेली पहिली गृहभेट तिसऱ्या दिवशी असते. पहिला तास तोवर केव्हाच गेलेला असतो. म्हणून बोलणी नवव्या महिन्यातच व्हायला हवीत. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर माहेरच्या आईला आणि आजीला सोबत तपासणीला न्यावं. घुटी, गूळपाणी, मध द्यायचं नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्या कानावर पडावं. बाळ पुसून थेट आईच्या छातीवर ठेवायचं, हे आधी ठरावं. बाळ ओढत नसेल तर हाताने चीक काढायला परिचारिकेने शिकवावं : अंगठा वर, बोटं खाली, काळ्या वर्तुळाच्या जरा मागे धरून आधी छातीकडे दाब, मग चिमटीत हलकेच दाब, आणि येणारा दाट पिवळा थेंब स्वच्छ चमच्यात. तोच बाळाच्या ओठाला लावायचा.

आणि दवाखान्याला एक प्रश्न आधीच विचारावा : पहिल्या तासात बाळ कुठे असेल? त्याला सरळ उत्तर मिळालं नाही, तर तयारी कमी पडली आहे ती आईची नव्हे, दवाखान्याची.