वाद्याचा दाखला कुणाकडे मागता?

माझ्या भाचीने गेल्या वर्षी एका संगीत स्पर्धेचा अर्ज भरला. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, बरोक विभाग. वय सतरा, वाद्य क्लासिकल गिटार, रचना बाखच्या पहिल्या चेलो स्वीटमधलं प्रिल्यूड. आठवड्याभरात अर्ज परत आला. शेरा होता, 'स्पर्धकाने मूळ वाद्यावरच रचना सादर करावी.' मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ सौजन्याने बोलले, हे कबूल केलं पाहिजे. म्हणाले, "सर, मुलगी छान वाजवते. व्हिडिओ पाहिला आम्ही. पण हे बाख नाही ना, बाखची झेरॉक्स आहे. गिटारसाठी लिहिलेलं पुष्कळ आहे, ते वाजवू द्या तिला."

'तुमचं मूळ कुठलं?' हा प्रश्न मला शाळेपासून ओळखीचा आहे. मराठीत निबंधाला बक्षीस मिळालं तरी कुणीतरी विचारायचंच. म्हणून असेल, पण तोच प्रश्न वाद्याला विचारला की मला जरा जास्तच झोंबतो. तरी राग बाजूला ठेवून मुद्द्याचं बोलू. कारण मुद्दा त्या गृहस्थांच्या बाजूचा नाहीच.

योहान सेबास्टियन बाखने एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचना लिहिल्या, तीन सोनाटा आणि तीन पार्टिटा. त्याच्या हातची स्वच्छ प्रत १७२० सालची आहे, ती आज बर्लिनच्या ग्रंथालयात आहे. एकट्या चेलोसाठीही त्याने सहा स्वीट लिहिले. त्यांची त्याच्या हातची प्रत उरलेली नाही. आपण वाचतो ती मुख्यतः त्याच्या पत्नीने, आना माग्दालेनाने केलेली नक्कल. म्हणजे 'झेरॉक्स' म्हणायचंच असेल तर चेलोवाल्यांच्या हातातही मूळ कागद नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. ही रचना याच वाद्याची, असा हट्ट खुद्द बाखने धरला नाही. व्हायोलिनच्या तिसऱ्या पार्टिटाचं पहिलं प्रिल्यूड घ्या. एकटं व्हायोलिन, ई मेजर, धावतं, दम न घेणारं. लाइपझिगच्या नगरपालिकेच्या समारंभासाठी १७३१ मध्ये जो कँटाटा झाला, त्यात बाखने हेच प्रिल्यूड ऑर्गनला दिलं आणि भोवती ट्रम्पेट आणि टिंपनी उभ्या केल्या. टिंपनी म्हणजे आपल्या नगाऱ्याची युरोपातली भावंडं. एका माणसाचं एकांतातलं वादन थेट दरबारात गेलं. संगीत तेच. हीच अख्खी पार्टिटा त्याने पुन्हा एकदा लिहून काढली, थोडे खालचे स्वर घालून. ती बीडब्ल्यूव्ही १००६अ या क्रमांकाने ओळखली जाते. वाद्य कोणतं, हे त्याने त्या प्रतीवर लिहिलं नाही. ल्यूटवाले ती आपली म्हणतात, गिटारवाले आपली म्हणतात. दुसऱ्या एका रचनेवर, बीडब्ल्यूव्ही ९९८ वर, त्याच्याच अक्षरात लिहिलंय की ही ल्यूटसाठी किंवा सेंबालोसाठी आहे. 'किंवा'! या एका शब्दाने स्पर्धेची नियमावली फाटते.

चेलोच्या पाचव्या स्वीटचं तर त्याने स्वतःच ल्यूटसाठी रूपांतर केलं, बीडब्ल्यूव्ही ९९५. सी मायनरमधून जी मायनरमध्ये नेलं. चेलोवर जिथे एकेरी ओळ होती तिथे खाली बास घातला, प्रिल्यूडमधल्या फ्यूगला चेलोने नुसते सुचवलेले स्वर उघड करून दिले. गिटार शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने या दोन प्रती शेजारी ठेवून वाचाव्यात. एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाताना काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, याचा तो खुद्द बाखने घेतलेला वर्ग आहे. शिवाय त्याचा शिष्य आग्रिकोला याने १७७५ मध्ये लिहून ठेवलंय की बाख व्हायोलिनच्या या एकल रचना क्लाव्हिकॉर्डवर वाजवायचा आणि लागेल तेवढी हार्मनी घालायचा. घरात बसून! मग झेरॉक्स काढणारा पहिला माणूस कोण?

आता 'मूळ वाद्य' म्हणजे काय तेही पाहू. त्या स्पर्धेत व्हायोलिनची मुलं बिनतक्रार वाजवून गेली. त्यांच्या हातातलं व्हायोलिन बाखच्या काळचं नव्हतं. त्या काळी तारा आतड्याच्या असत, आज धातूच्या किंवा कृत्रिम धाग्याच्या असतात. जुन्या व्हायोलिनच्या, अगदी स्ट्राडिव्हारीच्यासुद्धा, माना एकोणिसाव्या शतकात बदलून लांब आणि तिरप्या केल्या गेल्या. आजच्या बोचा घाट अठराव्या शतकाच्या अखेरीस ठरला. हनुवटीखालचा टेकू १८२० च्या सुमाराचा, म्हणजे बाख जाऊन सत्तर वर्षं झाल्यावरचा. तेव्हा बरोक वाद्यावर वाजवणारे जे थोडे लोक आहेत त्यांनी मला मूळपणाचे धडे द्यावेत, मी मान खाली घालून ऐकेन. स्टीलच्या तारा आणि हनुवटीचा टेकू लावून कुणी शुद्धतेचं प्रमाणपत्र मागू लागला, तर मात्र हसू येतं. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती, ती सैल व्हायला तीन दशकं लागली. श्रुतींना न्याय देत नाही हा आक्षेप खोटा नव्हता. पण पेटीशिवाय मराठी नाट्यसंगीत कल्पून पाहा.

तर्क पुरे. वाद्याकडे वळतो, कारण खरं उत्तर तिथेच आहे.

पहिल्या स्वीटचं प्रिल्यूड शेवटच्या कॉर्डपर्यंत जवळजवळ एकेरी ओळ आहे. एका वेळी एकच स्वर. तरीही कानाला खालचा बास ऐकू येतो, वरची चाल ऐकू येते, मध्ये हार्मनी भरत जाते. चेलोवाला खालचा स्वर वाजवून पुढे जातो, तो स्वर तुमच्या मनात टिकतो. गिटारवर आम्ही सहावी तार ई वरून डी वर उतरवतो, रचना डी मेजरमध्ये नेतो. मग तोच खालचा स्वर मनात नाही, लाकडात टिकतो. बोट उचललं नाही तर पुढचे स्वर त्याच्यावर येऊन बसतात. बाखने जे ऐकणाऱ्याच्या कल्पनेवर सोडलं होतं, ते गिटार अर्धं उघड करते. काही जणांना हे उघड करणं आवडत नाही. ठीक. पण ती आवडीची गोष्ट झाली, अस्सल-नक्कलची नव्हे.

फ्यूगचंही तेच. बाखने व्हायोलिनच्या फ्यूगमध्ये दोन-तीन आवाज मांडले, खालच्या आवाजांना लांब मूल्यं लिहिली. चार तारा एकाच वेळी धरून ठेवणं व्हायोलिनच्या बोला शक्य नाही. कॉर्ड तोडून वाजवावी लागते. कागदावरचं आणि हातातलं यांच्यातलं हे अंतर काही व्हायोलिनवादकांनाही इतकं सलत होतं की गेल्या शतकाच्या मध्यात एमिल तेलमान्यीने चारही तारा एकदम वाजाव्यात म्हणून खास वाकडा बो वापरून या रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्याच्यावर कुणी 'हे बाख नाही' असा शेरा मारून अर्ज परत पाठवला असता का?

आता उलटी बाजू. गिटारवाल्यांनी माझ्यावर रागवायचं असेल तर इथून रागवावं.

गिटारचा स्वर जन्मतो आणि लगेच मरू लागतो. बो स्वराला वाढवू शकतो, आम्ही नाही. पाचव्या चेलो स्वीटच्या साराबांदमध्ये एकही कॉर्ड नाही, नुसती ओळ आणि ओळीतली पोकळी. तिथे गिटार उघडी पडते. दुसऱ्या पार्टिटाच्या शाकोनचा आक्षेपही मला मान्य आहे. अडीचशेहून जास्त बार, पाऊण तासासारखी वाटणारी पंधरा मिनिटं. व्हायोलिनवर त्या कॉर्ड ओढताना वादकाची जी झटापट दिसते, ती संगीताचाच भाग आहे. गिटारवर त्याच कॉर्ड चार बोटांत सहज बसतात, झटापट संपते. ब्राम्सला हे कळलं होतं. त्याने शाकोन पियानोसाठी लिहिला तो एकट्या डाव्या हातासाठी. अशाने व्हायोलिनवादकाच्या अडचणीच्या जवळ जाता येतं, असं त्याने क्लारा शूमानला कळवलं होतं. अडचण जपण्यासाठी एक हात बांधून घेणारा माणूस!

आम्ही काय केलं? आंद्रेस सेगोव्हियाने १९३५ मध्ये पॅरिसला शाकोन गिटारवर वाजवला, तेव्हा ते धाडस होतं. दार त्याने उघडलं, त्याचे उपकार आहेत. पण त्याने कॉर्ड भरगच्च केल्या, बोटांना सोयीच्या जागी स्लर घातले, आणि नंतरच्या पिढ्यांनी त्या छापील प्रतीलाच बाख मानलं. बर्लिनच्या हस्तलिखितात बोचे स्लर बाखने स्वतः काढलेत. कुठले स्वर एका श्वासात, कुठले सुटे, हे त्यात दिसतं. आज ते हस्तलिखित फोनवर फुकट पाहता येतं. किती गिटारवादक पाहतात? जे पाहत नाहीत त्यांना झेरॉक्स म्हटलं तर मी भांडायला येणार नाही. तिथे शब्द बरोबर बसतो.

आणि एक शब्द आपल्या लोकांशीही. या प्रकरणावर मी मित्रांच्या गटात लिहिलं तेव्हा एकाने लगेच उत्तर दिलं, 'त्यांना सांग, ल्यूट म्हणजे आपला ऊद. बाखच आपला!' शब्दाचा धागा खरा आहे. अरबी 'अल-ऊद'मधूनच युरोपचं ल्यूट आलं, अंदलुसच्या वाटेने आलं. पण युरोपीयांनी त्याच्या मानेवर पडदे बांधले, तारा वाढवल्या, मिजराब टाकून बोटांनी छेडायला घेतलं, त्यावर फ्यूग वाजवला.  मालकीचा कागद दाखवून बाख मागणं आणि मालकीचा कागद नाही म्हणून बाख नाकारणं, दोन्ही एकाच कचेरीतले कारकून.

प्रश्न शेवटी साधा आहे. आमच्या शहरात चेलो शिकवणारा एकही माणूस नाही. चेलो विकतही मिळत नाही. गिटार आठ-दहा हजारांत येते, एसटीत मांडीवर ठेवून नेता येते. त्या मुलीपर्यंत बाख पोचला तो याच वाद्यातून. नियम असाच राहिला तर तिच्यासारख्यांसाठी बरोक विभागाला कुलूप आहे, मग हातात कितीही येवो.

मी स्पर्धेला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर नाही. मधल्या काळात ती साराबांद बसवते आहे. मी घातलेले तीन बास तिने परवा खोडून टाकले. म्हणाली, "मामू, इथं काहीच नकोय. चेलोतही नाहीये." मी प्रत उघडून पाहिली. नव्हते.

यंदा ती १००६अ चा अर्ज पाठवणार आहे. अर्जात 'मूळ वाद्य' असा रकाना आहे. बाखने तो कोरा सोडला होता, आम्हीही कोराच पाठवतो.