दहा दात की अकरा?

गेला आख्खा महिना आमच्या घरात एकच वाद चालू आहे. 4.3 की 3.9? होम लोनचे रेट नाहीत हो हे!

नगरला काकांच्या शेडमध्ये एक एमजीए आहे. (2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून नगरच.) 1,489 सीसी, दोन सीट, उघडी. सत्तरच्या दशकात काकांनी ती कॅम्पातल्या एका रिटायर्ड फौजी अधिकाऱ्याकडून घेतली. परवा मागून रडका आवाज यायला लागला. मेकॅनिकने डिफरन्शियल उघडलं, तर क्राऊन-पिनियनचे दात खलास. जोडी नवीनच घालायची. मग त्याने विचारलं, "साहेब, रेशो कुठला मागवू?" झालं!

फंडा तसा सोपा आहे. या गाडीत पिनियनला 10 दात, क्राऊनला 43. म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे 4.3 फेरे झाले की चाकाचा एक. नंतर आलेल्या एमजीबीत पिनियनला 11 दात, क्राऊनला तेच 43, रेशो 3.9. फरक एका दाताचा, पण टॉप गिअरमध्ये ताशी 100 किलोमीटरला इंजिन 3,650 ऐवजी 3,300 आरपीएमवर फिरतं. पेट्रोल वाचतं, कानही वाचतात. बदल्यात प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर नऊ टक्क्यांनी कमी.

मी 4.3 वाला. कारण करंजी घाट. पुढे उसाची डबल ट्रॉली आली की सेकंडमध्ये गाडी कण्हायला लागते. 3.9 घातला तर फर्स्ट टाकावाच लागेल, आणि या गाडीच्या फर्स्टला सिंक्रोमेश नाही! चालत्या गाडीत टाकायचा तर डबल क्लच मारा, नाहीतर खर्रर्र. शिवाय स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, तिला मागच्या बदलाचा पत्ताच नसतो. काटा 68 मैल दाखवणार आणि गाडी 75 ने, म्हणजे ताशी 120 किलोमीटरने पळत असणार. मग केबलशी खटपट आली. आणि पुण्याहून येताना वाघोलीच्या जॅममध्ये 3.9 चं काय लोणचं घालायचं?

एवढं सगळं एक्सेल शीटवर मांडून काकांपुढे ठेवलं. मला वाटलं, जुना माणूस, ओरिजिनलच म्हणणार. गुडघ्यांमुळे त्यांचं ड्रायव्हिंग तर कधीच बंद झालंय.

"3.9 मागव," काका म्हणाले. "घाट चाळीस वर्षं चढलो रे. समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा 2022 च्या डिसेंबरात सुरू झाला, तेव्हा माझे गुडघे गेलेले. एकदा शिर्डीहून सरळ सुटायचंय. शेजारी बसून का होईना."

एक्सेल शीट बंद केली. 11/43 ची जोडी मागवली आहे. सध्या रोज संध्याकाळी मित्राच्या जुन्या जीपवर डबल क्लच शिकतोय. खर्रर्र ऐकून सोसायटीतली कुत्री पळतात.