झाडे तोडा, पाणी वाचवा!

केपटाउनचा टेबल माउंटन म्हटलं की टेबलासारखा सपाट माथा, त्यावरून घरंगळणारे ढग आणि केबल कार एवढंच आपल्याला आठवतं. पण मंडळी, ते शहर तिथे वसलं ते पाण्यासाठी. १६५२ मध्ये डचांनी जहाजांना ताजे पाणी व भाजीपाला पुरवायला तिथे ठाणे केले, ते याच डोंगरातल्या झऱ्यांच्या भरवशावर.

शहर वाढलं. १८९७ साली चक्क डोंगराच्या माथ्यावर वूडहेड हे दगडी धरण बांधून झालं. तेही पुरेना, मग लांबच्या डोंगरांत मोठी धरणं झाली. तरी २०१५ ते २०१७ पाऊस रुसला आणि फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. हॉस्टेलवाल्यांनो, अंघोळ, कपडे, संडास, स्वयंपाक सगळं धरून जेमतेम तीन बादल्या!

अशा वेळी आपल्या इंजिनिअरी डोक्यात काय येतं? समुद्राचं पाणी गोडं करा, बोअर मारा. केपटाउनने तेही केलं. पण सर्वांत स्वस्त उपाय निघाला तो पाणलोटातली परकी झाडं तोडण्याचा!

कारण साधं आहे. तिथल्या डोंगरांवरची मूळ वनस्पती म्हणजे 'फाइनबॉस', खुरटी झुडपं. त्यांना पाणी कमी लागतं. बाहेरून आणलेले पाइन, निलगिरी आणि वॅटल उंच, खोल मुळांचे. ते पाणी ओढून हवेत सोडतात, ओढ्याला उरतं कमी. २०१८ च्या एका अभ्यासानुसार अशी झाडं वर्षाला शहराला दोन महिने पुरेल इतकं पाणी पितात. ती तोडण्याचा सरकारी कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे, त्यातून गरिबांना रोजगारही मिळतो.

विरोधही झाला. डोंगराच्या पायथ्याशी टोकाईला फिरायला येणाऱ्यांना पाइनची सावली हवी होती. त्यांचं अगदीच चूक नाही; सावली डोळ्यांना दिसते, आटलेला ओढा दिसत नाही. पण हिशोब दोन्हींचा मांडायला हवा.

आपल्याकडेही दर पावसाळ्यात वृक्षारोपण होतं, फोटो निघतात. किती रोपं लावली हे सगळे सांगतात. कुठली लावली आणि ती तिथलीच का, हे कुणी विचारत नाही. यंदा खड्डे खणण्याआधी एवढं तरी विचारूया की!