झाडावर चढू नकोस, सैनिक हो!

२ ऑगस्ट आला की आपण गोमंतकीय सिल्व्हासाची आठवण काढतो. १९५४ साली त्या दिवशी आझाद गोमंतक दलाने आणि पुण्या-मुंबईच्या स्वयंसेवकांनी ते पोर्तुगीजांकडून मोकळे केले. आपले विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी त्या लढ्यात होते, बाबूजी सुधीर फडके होते. ऐन पावसाळा आणि हातात जेमतेम शस्त्रे! भाषणात हे सांगताना आपली छाती फुगते. घरी आल्यावर मात्र नातू पेरूच्या झाडावर दिसला की आपलाच घसा कोरडा पडतो.

२०२२ मध्ये मंजूर झालेल्या २१ नव्या सैनिक शाळांच्या यादीत सिल्व्हासाही आहे. आनंदच आहे. पण सहावीच्या प्रवेशपरीक्षेचे ३०० गुण, त्यांतले १५० गणिताचे! म्हणून दहा वर्षांचे पोर संध्याकाळी मैदानाऐवजी क्लासात. सैनिक व्हायचे, पण गुडघा न फुटता.

माझी एक भाची सिल्व्हासात राहते. नवरा लष्करात, वर्षातले दोन महिने घरी. तिचा मुलगा चिंचेवर चढतो, उतारावरून सायकल सोडतो. शेजारणी म्हणतात, फौजीची बायको, काळीज दगडाचे. मला हे बोलणे संतापजनक वाटते. फोन वाजला की जिच्या पोटात गोळा येतो, तिला भीती शिकवायला निघालात? उलट तिचे नियम आपल्यापेक्षा कडक आहेत. पावसाळ्यात दमणगंगेकडे फिरकायचे नाही, कारण धरणातून पाणी केव्हा सुटेल ते पोराला कळणार नाही. वाळकी फांदी मात्र पाय दाबून कळते, ती त्याची त्याने ओळखावी. ‘‘मामा, जे त्याला दिसत नाही ते मी बघते, दिसतं ते त्याला बघू दे,’’ एवढेच ती म्हणते.

नॉर्वेच्या एलेन सँडसेटर या संशोधिकेने २००७ मध्ये अशा खेळांचे सहा प्रकार मांडले. उंची, वेग, धारदार हत्यारे, पाणी-विस्तव, झोंबाझोंबी आणि एकट्याने भटकणे. वाचून हसू आले. यातले आपल्याकडे काय नव्हते हो? माशेलला देवकीकृष्णाच्या अंगणात चिखलकाला अजून होतो, सांजांवाला लोक विहिरीत उड्या घेतात. आपण काठावर उभे राहून फोटो काढतो, आणि आपल्या पोराचा हात घट्ट धरून ठेवतो!

सगळ्याच फौजी आया अशा असतात असे नाही. काहींना तर मुलगा डोळ्यांआड झालेला खपत नाही, आणि त्यांना नावे ठेवायचा हक्क आपल्याला नाही. माझे भांडण आपल्याशी आहे. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या बागेत ‘झाडावर चढू नये’ असा फलक लागला. मी हरकत घेतली, तर सचिव म्हणाले, पडले तर जबाबदार कोण? येत्या सभेत हाच विषय मी पुन्हा मांडणार आहे.