फळा कुठे म्हातारा झालाय?

सध्या हापिसांतून मीटिंग रूममधले टचचे फळे बदलायची टूम आहे. कारण काय, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आतला जुना कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाही. अहो, पण यात फळ्याचा काय दोष? काच शाबूत, टच व्यवस्थित! म्हातारा झालाय तो मागच्या खाचेत बसवलेला डबा. ओपीएस म्हणतात त्याला. इंटेलने २०१० साली त्याचं माप ठरवून दिलं: जाडी ३० मिलिमीटर, ८० पिनांचा एकच कनेक्टर. वीज, चित्र, यूएसबी, सगळं त्यातूनच. स्क्रू काढा, जुना ओढा, नवा सरकवा. झालं!

मिक्सरचं भांडं गळलं म्हणून आपण मोटर भंगारात देतो का? पण कोटेशन येतं ते अख्ख्या ८६ इंची फळ्याचं. विकणाऱ्याला नुसत्या डब्यात काय सुटणार म्हणा! असो.

माझं म्हणणं एवढंच, की खरेदीच्या कागदावर फळा आणि डबा अशा दोन वेगळ्या ओळी मागा. (आणि हो, खाच किती वॅट पुरवते ते आधी विचारा, प्रत्येक फळ्याला प्रत्येक डबा पेलत नाही.)